डाव्या कानातलं गाणं

गाणं संपलं तसं धोंडूकाकांनी कॉर्नेट तोंडापासून काढलं, शर्टाच्या बाहीनं ओठ पुसले आणि म्हणाले, "मास्तर, रागवू नगा. पण ही चाल त्या गाण्याची न्हाय."

बँडाची तालीम शेडमध्ये चालली होती. वर पत्रा तापलेला, खाली अकरा माणसं घामानं निथळत होती आणि सकाळपासून तिसऱ्यांदा तेच गाणं वाजवून सगळ्यांचे गाल दुखायला लागले होते. मास्तर म्हणजे माझे वडील, शिदराम जावीर. आम्ही मुलं त्यांना आप्पा म्हणायचो. आटपाडीच्या बाजूला जावीर ब्रास बँडचं नाव होतं. बँड कधी मोकळा आहे ते बघून लोक लग्नाची तारीख धरतात असं आप्पा सांगायचे. त्यातलं निम्मं मी खरं धरते, पण ते निम्मंही कमी नव्हतं.

"यंत्रात हाय तशी बसवलीया," आप्पा म्हणाले. "एक सूर इकडचा तिकडं केला न्हाय."

"मी काल विट्याला हाटेलात ऐकलं की गाणं. ते असं वर जातं," धोंडूकाकांनी हातानं हवेत चढण काढून दाखवली, "आणि आपण वर जायच्या टायमाला नुसतं थांबून ऱ्हातोय."

मग अकराच्या अकरा जणांनी माझ्याकडे बघितलं, कारण यंत्र माझं होतं.

गोष्ट दोन हजार सहा सालची. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि विट्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवायला जात होते. पहिल्या चार पगारांतून मी काय घेतलं असेल, तर गाण्याचं यंत्र. एमपीथ्री प्लेअर. काडेपेटीहून लहान, निळ्या काचेचं, पोटात एक पेन्सिल सेल. क्लासच्या कॉम्प्युटरला थेट टोचायचं की गाणी आत. बरोबर छपन्न गाणी मावायची, सत्तावन्नावं घालायचं तर आधीचं एक काढावं लागायचं. काचेवर नावं यायची ती इंग्रजीत आणि तीही शेपूट तुटलेली, पण कुठल्या नंबरला कुठलं गाणं ते मला तोंडपाठ होतं. आमच्या गावात तसलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं आणि मी ते कुणाला विसरू देत नव्हते. खरं सांगायचं तर सेल संपला असला तरी मी एसटी स्टँडवर कानात वायरी घालून उभी राहायची. मान डोलवायला सेल लागत नाही.

आप्पांनी आधी त्याला नाक मुरडलं होतं. त्यांचा सगळा जन्म कॅसेटवर गेला. नवं गाणं बसवायचं म्हणजे टेप उलटी फिरवायची, दोन ओळी ऐकायच्या, क्लॅरिनेटवर काढायच्या, वहीत सा रे ग म लिहायचं, पुन्हा टेप उलटी. पंधरा-वीस वेळा फिरवली की फीत ताणायची आणि गाण्याचा सूर खाली बसायचा. आप्पा तो मनातल्या मनात वर उचलून लिहायचे. माझ्या यंत्रात एक बटण होतं. ओळीच्या सुरुवातीला दाबायचं, शेवटाला दाबायचं, की तेवढाच तुकडा यंत्र आपोआप म्हणत बसायचं. काचेवर ए आणि बी अशी अक्षरं दिसायची. ते एकदा दाखवलं आणि आप्पा विरघळले. मग रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकायच्या आत त्यांचा हात पुढे. "आण तुझी एबी."

हे गाणं मोहित्यांच्या लग्नासाठी होतं. मोहिते आमच्याच गावचे, मुलीकडचे. मुलीचा भाऊ रणजित कुठूनशी लोकगीतांची नवी सीडी घेऊन आला आणि म्हणाला, वेशीवर सलामीला हेच गाणं पाहिजे. सीडीवरून यंत्रात मीच उतरवलं होतं. आमच्याकडे वेशीवरच्या सलामीला फार महत्त्व. नवऱ्या मुलाचा परण्या, म्हणजे घोड्यावरची मिरवणूक, वाजतगाजत वेशीपर्यंत येतो, त्यांचा बँड आपलं पहिलं गाणं वाजवतो, मग मुलीकडच्या बँडानं त्याला उत्तर द्यायचं. मागची सगळी वरात कशीही वाजली तरी लोक वर्षभर बोलतात ते त्या उत्तराबद्दल. त्यातून मुलाकडचा बँड मिरजेकडच्या रज्जाकभाईंचा. बावीस माणसं, चकचकीत नवे कोट. लग्न शनिवारी होतं आणि आज बुधवार.

मी यंत्र घेतलं आणि तणतणत मागच्या कडुनिंबाखाली गेले. चुकीचं गाणं मी भरलं असेल हे मला मान्यच नव्हतं. दोन्ही कानांत वायरी घातल्या. गाणं तेच होतं आणि धोंडूकाकांनी हातानं काढलेली चढणही होती. मग एक वायर काढून ऐकलं, दुसरी काढून ऐकलं, आणि गोम सापडली. त्या सीडीवाल्यांनी काटकसरीत काम उरकलं होतं. गाणारी बाई सगळी उजव्या बाजूला आणि व्हायोलिनं, सनई, मागचा सगळा साज डाव्या बाजूला. डाव्या कानात बाईचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा. आप्पांनी आणि त्यांच्यामागून अकरा माणसांनी तीन दिवस घासून जे बसवलं होतं, ते बाईचं गाणं नव्हतंच. ती बाई श्वास घ्यायला थांबते तेव्हा व्हायोलिनं जे बोलतात आणि ती वर चढते तेव्हा सनई खाली जो एकच सूर धरून बसते, ते आमच्या बँडानं पाठ केलं होतं.

मला आधी वाटलं, आप्पांनी आळसानं एकच वायर घातली असेल. त्यांना सांगून टाकावं म्हणून मी शेडमागे वळले. माणसं चहाला गेली होती. आप्पा दगडावर बसून वही बघत होते. मी त्यांच्या उजव्या अंगानं जाऊन हाक मारली. हूं नाही की चूं नाही. रागावलेत असं वाटून मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. त्यांनी पान उलटलं.

का कोण जाणे, मी वायरीचं टोक काढलं आणि हळूच त्यांच्या उजव्या कानात बसवलं. ते दचकले, मग पूर्ण वळून माझ्याकडे बघत हसले. मी विचारलं, "येतंय का ऐकू?"

"येतंय की," आप्पा म्हणाले आणि बोटानं मांडीवर ठेका धरला. "झकास येतंय."

मी गाणं सुरूच केलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातल्या काचेकडे बघितलं. निळा दिवा बंद होता. ठेका धरलेलं बोट थांबलं आणि आप्पांचं तोंड असं उतरलं की मलाच चोरी केल्यासारखं झालं. मी त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसले. चार वर्षं झाली होती म्हणे. आधी उजव्या कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, मग तेही बंद झालं. तीस वर्षं मोठा ढोल मास्तरच्या उजव्या खांद्यामागे चालायचा, तीच आमच्या बँडाची रीत. त्या ढोलानं एक कान खाल्ला. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"माणसांना कळलं तर मला पुढं हुबं करणार न्हाईत," आप्पा म्हणाले. "त्यांचं चुकायचं न्हाय. एका कानाच्या माणसाच्या मागनं कोण वाजवंल?"

त्यांच्या चुलत्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं. पुढचे दात पडले आणि क्लॅरिनेट धरता येईना, तेव्हा बँडानं त्यांच्या हातात खुळखुळा दिला होता. चाळीस वर्षं मास्तर असलेला माणूस शेवटी पोरांच्या ओळीत उभा राहून खुळखुळा हलवायचा. आप्पा त्यांच्याबद्दल कधी बोलायचे नाहीत.

"मग काय सांगू त्यांना?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "यंत्र बिघडलंय म्हणून सांग."

आता मी काही फार मोठ्या मनाची मुलगी नव्हते. त्या यंत्रावर माझा किती जीव होता ते वर सांगितलंच आहे. पण उठले, शेडमध्ये गेले आणि चहा पीत बसलेल्या अकरा जणांना सांगितलं की माझा प्लेअर खराब निघाला, त्यात गाणं अर्धंच वाजतं, मास्तरांची काही चूक नाही. त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती अजून लक्षात आहे. तीन दिवस फुकट गेले म्हणून कुणी चरफडलं, कुणी हसलं. धोंडूकाका म्हणाले की खेळण्यावर कधी बँड बसतो का, कॅसेटच बरी होती. दुसऱ्या दिवशी एसटीत ढोलवाल्याची मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत होती की वैजूताई, तुझ्या अर्ध्या गाण्याच्या यंत्रात पाऊण गाणं कधी येणार. मी खिडकीबाहेर बघत बसले. वायरी कानात घातल्या नाहीत.

उरलेल्या दोन दिवसांत आप्पांनी खरी चाल बसवली. मीच उजवीकडची वायर त्यांच्या डाव्या कानात घालून द्यायची आणि कुणी आलं की काढायची. शुक्रवारी संध्याकाळी गाणं बरं वाजलं. फार चांगलं नाही, पण बरं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला परण्या वेशीवर आला. मी मोहित्यांच्या बायकांबरोबर कठड्यापाशी उभी होते. एका बाजूला आमचे बारा, लाल कोटांचा रंग विटलेला. समोर रज्जाकभाईंचे बावीस, पांढरे कोट आणि सोनेरी दोऱ्या. मधे घोड्यावर नवरा मुलगा आणि दोन्ही अंगांना सगळं गाव. रज्जाकभाई पिकल्या दाढीचे, आदबशीर. त्यांनी आधी आप्पांना नमस्कार घातला, मग मागे वळून हात वर केला आणि त्यांच्या बँडानं सलामी सुरू केली.

पहिल्या चार सुरांतच मी ओळखलं. तेच गाणं होतं. ती सीडी मिरजेकडे आमच्या आधी पोचली होती.

आमच्याकडे एक नियम असा, की समोरच्यानं वाजवलेलं गाणं उत्तराला घ्यायचं नाही. ते उष्टं झालं. उष्टं वाजवणाऱ्या बँडाला माणसं तिथेच हाकलतात, शिट्ट्या मारतात. रणजितनं तर सगळ्या गावात सांगून ठेवलं होतं की आपली सलामी कुणी ऐकली नसेल अशी आहे. त्याचा चेहरा पांढरा पडला. धोंडूकाकांनी कॉर्नेट काखेत घातलं आणि दुसरं कुठलं गाणं असं आप्पांना खुणेनं विचारायला लागले. दुसरं तयारीचं काहीच नव्हतं. जुनी होती, पण ती गेल्या दहा लग्नांत वाजलेली.

आप्पा धोंडूकाकांकडे बघत नव्हते. त्यांनी मान किंचित फिरवली होती, डावा कान रज्जाकभाईंच्या बँडाकडे करून. लोकांना वाटलं असेल, मास्तर लाजून तोंड फिरवतोय. मला तेवढं कळलं की ते ऐकतायत. तिकडे पहिली ओळ संपत आली, कॉर्नेटं श्वासाला थांबली, आणि त्या थांब्यात आप्पांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

बाई थांबते तेव्हा व्हायोलिनं जे बोलतात, ते आप्पा बोलले.

आमची माणसं क्षणभर भांबावली. पण तीन दिवस घासलेलं बोटांत बसलेलं असतं. आधी युफोनियमवाला शिरला, मग दुसरं क्लॅरिनेट, मग धोंडूकाका. रज्जाकभाईंचा बँड वर चढला तेव्हा आमचा बँड खाली एकच सूर धरून थांबला, आणि बुधवारी जे थांबणं वेड्यासारखं वाटत होतं, त्याच्या आधारानं ती चढण एवढी उंच गेली की मी नकळत टाचा उचलल्या. दोघांनी एकाच सीडीवरून उचललेलं, त्यामुळे पट्टी तीच, लय तीच. रज्जाकभाईंनी एकदाच मागे वळून बघितलं. जाणकार माणूस. त्यांनी आपल्या ढोलवाल्याला हातानं आवाज खाली घ्यायला लावला, आमच्यासाठी जागा केली आणि कडवं पुन्हा सुरुवातीपासून उचललं. दोन बँड, चौतीस माणसं, एक गाणं. घोडासुद्धा कान टवकारून उभा होता. उष्टं म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण आम्ही त्यांचं गाणं वाजवतच नव्हतो. त्यांच्याजवळ नव्हतं ते वाजवत होतो.

गाणं संपलं. मग जो गलका झाला तो विचारू नका. रणजितनं आप्पांना कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं. दोन्हीकडची माणसं गोळा झाली आणि रज्जाकभाई चालत आमच्या बाजूला आले.

"जावीर मास्तर," ते म्हणाले, "ही चाल त्या सीडीत हाय खरी. पण ऐकतंय कोण? आम्ही सगळे गाणाऱ्या बाईच्या मागं पळालो. तुमच्या बरं ध्यानात आली."

आप्पांनी नुसते हात जोडले. तेवढ्यात धोंडूकाकांना चेव आला. माणूस मनानं वाईट नाही, पण चार लोक जमले की जिभेला आवर नसायचा. ते हसत म्हणाले की मास्तरांचं कसलं डोकं, ही सगळी ह्या वैजूच्या बिघडलेल्या यंत्राची करामत, पोरीनं मोडकं खेळणं आणलं आणि आमचं नशीब उघडलं. सगळे हसले. माझ्याकडे बोटं झाली. मीही हसले, कारण ठरलंच होतं तसं. आजच्या दिवशी असल्या हसण्याचं मला काही वाटणार नव्हतं. आप्पांनी गप्प राहायचं होतं, एवढंच. सगळं जागच्या जागी बसलं होतं. बँड जिंकला होता, गुपित झाकलेलं होतं आणि उद्यापासून मास्तर आधीपेक्षा मोठे मास्तर झाले असते.

आप्पा हसले नाहीत.

"यंत्र बिघडलेलं न्हाय," ते म्हणाले.

मी गर्दीतून पुढे घुसले आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी मला बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

"यंत्र चांगलं हाय. माझा उजवा कान गेलाय. चार वर्सं झाली. मला एका बाजूचंच गाणं ऐकू आलं, ते मी एका बाजूचंच बसवलं. माझी लाज झाकायला मी पोरीला खोटं बोलाय लावलं, आणि ती बोलली. तुमची सगळ्यांची बोलणी तिनं खाल्ली, मी बसून ऐकली." मग ते आपल्या माणसांकडे वळले. "आता तुम्हाला ठावं झालं. मला पुढं हुबं करायचं का न्हाय, तुम्ही ठरवा."

घाबरायला हवं होतं मला. ज्या गोष्टीसाठी चार दिवस मान खाली घातली, ती त्यांनी दोन गावांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली होती, आणि सांगायची काहीएक गरज नव्हती. पण मी घाबरले नाही. माझी मान इतकी ताठ झाली की दुखायला लागली. आजवर मी त्या यंत्राचा, माझ्या नोकरीचा, आणखी कशाकशाचा तोरा मिरवला होता. हा विटक्या लाल कोटातला माणूस माझा बाप आहे, हे त्या दिवशी मला वेशीवर उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं. आजही वाटतं.

आमचे अकरा जण एकमेकांकडे बघत होते. ढोलवाल्यानं ढोलाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. धोंडूकाकांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी काखेतलं कॉर्नेट हातात घेतलं. ते आप्पांच्या उजव्या खांद्याशी उभे होते, वीस वर्षं त्यांची तीच जागा होती. तिथून ते निघाले, आप्पांच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि कानाशी वाकले.

"मास्तर," ते म्हणाले, "आता कुठलं घ्यायचं?"